मीशो की व्हॉट्सॲप कॅटलॉग? शंभर-दीडशेच्या मालासाठी
कोल्हापुरात महाद्वार रोडवरनं इमिटेशन साज, झुमके होलसेलमध्ये उचलून ऑनलाइन विकायचे असतील तर मीशो या खरेदी-विक्रीच्या ॲपवर गिऱ्हाईक आयतं मिळतं, कमिशनपण नाही, आणि ऑक्टोबर 2023 पासून वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर नसतानाही जीएसटी पोर्टलवर मिळणाऱ्या एनरोलमेंट आयडीवर आपल्या राज्यापुरतं विकता येतं. पण भावा, गिऱ्हाइकानं डिलिव्हरी घेऊन माल परत पाठवला की ते कुरिअर आपल्याच डोक्यावर, मग शंभराच्या झुमक्यात राहतंय काय?

व्हॉट्सॲप बिझनेस फुकट, कॅटलॉग टाका, युपीआयनं पैसे आधी, पार्सल नंतर. गिऱ्हाईक मात्र स्वतः शोधायचं, आणि रात्री अकराला 'लास्ट किती?' विचारून गायब होणारे लय. तरी मी राजारामपुरी-शाहूपुरीतल्या ओळखीवर इथनंच सुरू करीन, मीशो दिवाळीच्या आधी जोडायचं.