समोर दळून मिळणारं हिंग्वाष्टक: चूर्ण चोख, हिंग कच्चा

लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका काष्ठौषधीच्या (जडीबुटीच्या) दुकानात हिंग्वाष्टक, म्हणजे हिंगासह आठ जिनसांचं पाचक चूर्ण, समोर दळून देतात. सुंठ, मिरी, पिंपळी, जिरं, शहाजिरं, सैंधव मीठ समभाग. अजमोद्याऐवजी (ओव्यासारखंच बी) ओवा घालतात, तेही चालतं. वास ताजा, दळण बारीक.

घोडं अडतं हिंगापाशी. तो तुपात फुलेपर्यंत तळून, चुरून मगच मिसळायचा. इथं कच्चाच पडतो. मग उग्र दर्प राहतो, घशाशी येतं. त्यापेक्षा बिनहिंगाचं दळून घ्या, हिंग घरी तळा. सैंधवही दळण्याआधी कोरडं भाजलेलं हवं, नाहीतर पावसाळ्यात गाठी ठरलेल्या.

पाव ते अर्धा चमचा, तूप घालून, जेवणातल्या पहिल्या घासाबरोबर. ज्वारीची भाकरी, पिठलं झाल्यावर पोट फुगणाऱ्यांना बरं पडतं. आम्लपित्त, रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर वैद्यांना विचारूनच.