थैली परत मागणारा अँटोनिओ

बेळगावच्या टिळकवाडीतील एका हौशी नाट्यमंडळाने शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’चा मराठी प्रयोग केला. 150 रुपयांचे तिकीट काढून मी तो पाहिला आणि पैसे पुरेपूर वसूल झाले.

1602 साली लंडनच्या मिडल टेंपलमध्ये सादर झालेले हे नाटक बहुधा गर्विष्ठ कारभारी मॅल्व्होलिओच्या फजितीसाठी लक्षात राहते. या मंडळाने मात्र मैत्रीवर भर दिला, याचे मला फार मोल वाटते. पुरुषवेशातल्या व्हायोलाला तिचा जुळा भाऊ सेबास्टियन समजून त्याचा जिवलग मित्र अँटोनिओ तिच्यासाठी तलवार उपसतो, शिपायांच्या हाती सापडतो आणि सेबास्टियनला स्वतःच दिलेली पैशांची थैली नाइलाजाने परत मागतो. ती ‘मी आपल्याला ओळखत नाही’ म्हणते, तेव्हा नटाने पुढे केलेला हात क्षणभर तसाच राहिला आणि मग बोटे हळूहळू मिटली. व्हायोला निष्ठुर नाही, जवळचे अर्धे पैसे ती देऊ करते. त्यामुळेच तो घाव अधिक खोल जातो.

ध्वनिव्यवस्था सुमार होती. मागच्या रांगांत विदूषकाची गाणी पोहोचलीच नाहीत. संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचे गुर्लहोसूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे गाणे असे हरवावे याचे वाईट वाटते.

‘यांतला सेबास्टियन कोण?’ या प्रश्नानंतर मूळ संहितेत अँटोनिओला एकही वाक्य नाही. दिग्दर्शकाने त्याला शेवटपर्यंत रंगमंचाच्या कडेला उभे ठेवले, ते योग्यच केले. खानापूरला प्रयोग लागला तर मी पुन्हा जाईन.