कोल्हापुरातला फ्लेबोटॉमीचा सहा महिन्यांचा कोर्स: पाया पक्का, खऱ्या हातावरचे प्रिक कमी

शाहूपुरी-राजारामपुरीत लॅबना तोटा नाही, आणि सकाळी सात ते दहा या वेळेत प्रत्येक लॅबला रक्त काढणारा सराईत हात लागतो. त्यामुळे बारावी झालेली बरीच मुलं-मुली फ्लेबोटॉमीकडे, म्हणजे तपासणीसाठी रक्त काढण्याच्या कामाकडे, वळतायत. शहरातल्या एका कम्युनिटी कॉलेजचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स इथे लॅबवाल्याच्या नजरेनं तपासलाय. कॉलेजचं नाव मुद्दाम घेत नाही. खाली लिहिलेलं कुठल्याही कोर्सला लावून बघता येईल.

सगळ्यात भक्कम भाग टर्निकेटचा, म्हणजे शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायच्या पट्ट्याचा. पट्टा कोपराच्या खाचेपासून चार बोटं वर बांधायचा आणि मिनिटाच्या आत सोडायचा, हे इथे घड्याळ लावून घोटून घेतात. मिनिट उलटलं की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, रक्त दाट होतं आणि प्रोटीन, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल उगाच वाढलेलं दिसतं. मूठ सारखी उघड-मीट करायला लावली तर पोटॅशियम चढतं. ही मूठ चालवायची खोड लॅबमध्ये एकदा लागली की सुटत नाही. इथे ती लागूच देत नाहीत, याचं मनापासून कौतुक.

एक बारकावा मात्र कुणी दाखवत नाही. साडी नेसलेल्या बाईच्या ब्लाऊजची घट्ट बाही वर सारली की तीच दुसरा पट्टा होऊन बसते. खालचा टर्निकेट सोडला तरी हात तुंबलेलाच राहतो, आणि सुई काढल्यावर तिथेच काळंनिळं होतं. अशा वेळी बाही खाली ओढून घ्यायची आणि पट्टा तिच्यावरून बांधायचा. म्हाताऱ्या माणसांची कातडी कागदासारखी असते, तिथेही पट्टा कापडावरूनच.

शीर बोटानं शोधायची, डोळ्यांनी नाही, हे शिक्षक बरोबर सांगतात. दाबून सोडली की शीर स्पंजासारखी उसळते. ठोके लागले तर ती धमनी, उसळी न घेता कडक दोरीसारखी लागली तर टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर. कोपरातली मधली शीर पहिली, अंगठ्याच्या बाजूची दुसरी, करंगळीच्या बाजूची अगदी शेवटी, कारण तिच्या जवळूनच धमनी आणि नर्व्ह जाते. सुई टोचल्यावर पेशंटनं हातात करंट गेल्यासारखं झालं म्हटलं तर सॅम्पल अर्धवट राहिलं तरी चालेल, सुई तत्काळ बाहेर. डायलिसिसचा फिस्टुला (त्यासाठी ऑपरेशननं जोडलेली धमनी आणि शीर) असलेला हात आणि स्तनाचं ऑपरेशन झालेली बाजू सोडून द्यायची, सलाईन चालू असेल तर दुसरा हात घ्यायचा. हे सगळं नोट्समध्ये नीट आहे.

अडतं ते प्लास्टिकच्या हातावर. त्यातली रबरी नळी जागची हलत नाही, खरी शीर हलते. तालमीत घुमणाऱ्या पोराच्या हातावर दोरखंडासारखी शीर दिसते, नवशिक्याला वाटतं हे सोपं, आणि सुई टेकताच शीर बाजूला सरकते. टोचायच्या जागेच्या इंच-दीड इंच खाली अंगठ्यानं कातडी ताणून धरली, सुईचं तिरकं तोंड वर ठेवलं आणि तीस अंशांहून कमी कोनात एका दमात आत गेलं तर ती सरकत नाही. थांबत थांबत टोचलं की हमखास निसटते. हे अंगवळणी पडायला खरे हातच लागतात आणि कोर्सची कमजोरी नेमकी इथे आहे. हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थी बराच वेळ बारकोड लावतात, ट्यूब पोहोचवतात. सुई हातात येते ती थोडी. तुलनेसाठी सांगतो: अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात हा कोर्स सर्रास चालतो, आणि कॅलिफोर्नियात परवाना मिळवायला किमान ५० शिरेतले आणि १० बोटातले प्रिक खऱ्या माणसांवर केल्याची नोंद लागते. प्रवेश घेण्याआधी इथल्या मागच्या बॅचची लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) मागून बघा. प्रत्येक प्रिकसमोर तारीख आणि देखरेख करणाऱ्याची सही हवी. नुसता 'पोस्टिंग पूर्ण' असा शिक्का काही कामाचा नाही.

टोपणाच्या रंगावरून ओळखायच्या ट्यूबचा क्रम चांगला शिकवतात: ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) असेल तर आधी ते, मग निळी साइट्रेट, लाल किंवा पिवळी सीरमची (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्याची), हिरवी हेपरिन, जांभळी ईडीटीए आणि शेवटी करडी फ्लोराइड. साइट्रेट, हेपरिन आणि ईडीटीए ही रक्त गोठू न देणारी औषधं ट्यूबमध्ये आधीच असतात. क्रम कारणासकट शिकवतात, म्हणून लक्षात राहतो. जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएचा अंश पुढच्या सीरमच्या ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम भलतंच वाढतं आणि कॅल्शियम पडतं. धडधाकट माणूस कागदावर गंभीर दिसायला लागतो. जांभळी आठ-दहा वेळा हलक्या हातानं उलटीसुलटी करायची, निळी तीन-चार वेळा. घुसळली की पेशी फुटून सॅम्पल खराब होतं, त्यालाच हिमोलाइज होणं म्हणतात. स्पिरिट वाळायच्या आधी टोचलं तरी तेच, शिवाय पेशंटला चुरचुरतं ते वेगळंच.

स्कॅल्प व्हेननं (बारीक सुई आणि तिला जोडलेली लांब नळी) रक्त घेताना निळी ट्यूब पहिली असेल तर नळीतली हवा आधी ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं. साइट्रेटला नऊ भाग रक्त आणि एक भाग औषध हे प्रमाण लागतं. ते बिघडलं की पीटी आणि एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे आकडे, लांबतात, आणि रक्त पातळ होण्याच्या गोळीचा डोस त्या आकड्यावर ठरतो. उपाय सोपा आहे: आधी एक फुकट घालवायची ट्यूब लावायची, मग निळी. कोर्समध्ये याचा उल्लेखही नाही. असायलाच हवा.

ओळख पटवण्यावर एकच तास आहे, तो फार तोकडा. आपल्याकडे वेटिंगमध्ये तीन-चार पाटील सहज सापडतात. 'तुम्ही पाटीलच ना?' असं विचारलं की कुणीही 'हो' म्हणणार. 'तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा' असं विचारायचं, कागदाशी ताडायचं आणि रक्त घेतल्यावर पेशंटसमोरच लेबल लावायचं. आधी लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूब टेबलावर पडून राहतात आणि दुसऱ्याचं रक्त त्यात जातं. उपाशीपोटीच्या तपासणीचंही तसंच. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन आलेला माणूस 'काही खाल्लं नाही' असं अगदी खरेपणानं सांगतो. सकाळपासून तोंडात काय काय गेलं, असंच विचारावं.

होम कलेक्शन तर जवळपास वगळलंय, आणि नव्या पोरांना पहिलं काम तेच मिळतं. कागलहून एप्रिलच्या उन्हात गाडीवर सॅम्पल आणायचं म्हणजे कसं, हे शिकवायला नको का? साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. म्हणून शुगरला करडी ट्यूब, तिच्यातलं फ्लोराइड हे खाणं रोखतं. बर्फाची पिशवी ट्यूबला थेट टेकू द्यायची नाही, मध्ये कापड हवं, नाहीतर हिमोलाइज. पोटॅशियमसाठीचं, सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये अजून न फिरवलेलं रक्त तर गारठ्यात ठेवूच नये.

कचऱ्याचा धडा स्वच्छ आहे: सुई पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्ज आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. सुईला टोपण परत लावायचं नाही, हेही बजावतात.

हिपॅटायटिस बीची लस मात्र विद्यार्थ्यावर सोडलेली आहे. तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात आणि कोर्सही सहाच महिन्यांचा. प्रवेशाच्या दिवशी पहिला घेतला तरी तिसरा कोर्स संपता संपता येतो, आणि पोस्टिंग त्याच्या आधीच सुरू झालेली असते. म्हणून पहिला डोस फॉर्म भरतानाच घ्या, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. आकडा १० mIU/mL किंवा त्याहून जास्त हवा. सुई टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत पोहोचायचं. पोस्टिंगच्या ठिकाणी रात्री किंवा रविवारी त्या गोळ्या कुठल्या खिडकीवर मिळतात, ते पहिल्याच दिवशी विचारून लॉगबुकच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.