टेक्सास की कॅलिफोर्निया? शेरीफच्या बाजूनं बघितलं तर

माझ्या भाच्याच्या हातात दोन नोकऱ्या आहेत, एक टेक्सासातल्या प्लेनोची (डॅलसच्या उत्तरेला) आणि एक कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची. घरभाडं, शाळा, टॅक्स (टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्स नाही, कॅलिफोर्नियात आहे आणि सणसणीत आहे) सगळं त्यानं एक्सेलमध्ये मांडून झालं होतं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मामा, अजून एक विचारायचं होतं. टेक्सासात पोलीस व्हिसाचे कागद मागतात म्हणे?"

मी आठ वर्षं डॅलसच्या उत्तरेला काढली, आता बे एरियात, म्हणजे सॅन होजेच्या परिसरात आहे. आपली माणसं दोन्हीकडे मुबलक. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९ ला डॅलसला झालं, २०२४ ला सॅन होजेला. त्यामुळे हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. त्याला जे सांगितलं तेच जरा नीट मांडतो. मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात 'शेरीफ' या शब्दापासून करायला हवी, कारण आपली पहिली गफलत तिथेच होते. मुंबईचा शेरीफ म्हणजे नगरपाल, वर्षभराचं मानाचं पद. १९९४ मध्ये गावसकर होते. कार्यक्रमांना जायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं. अमेरिकेतल्या काउंटीचा (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) शेरीफ मात्र लोकांनी निवडून दिलेला असतो, त्याच्या हाताखाली शस्त्रधारी डेप्युटी असतात आणि मुख्य म्हणजे काउंटीचा तुरुंग बहुतेक ठिकाणी त्याच्याच ताब्यात असतो. टेक्सासात २५४ काउंट्या आहेत, कॅलिफोर्नियात ५८. शहराच्या पोलिसांनी तुम्हाला पकडलं तरी पुढची रवानगी बहुधा शेरीफच्या तुरुंगात. प्लेनोचे पोलीस प्लेनोचे, पण तुरुंग मॅकिनीला, कॉलिन काउंटीचा. सॅन होजेचे पोलीस सॅन होजेचे, पण तुरुंग सांता क्लारा काउंटीचा. मिल्पिटासमध्ये किराणा भरायला जाणाऱ्या कितीतरी जणांना तिथलं एल्मवूड त्याच तुरुंगाचा भाग आहे हे माहीत नसतं. क्युपर्टिनोत तर शहराला स्वतःचे पोलीसच नाहीत, शेरीफचेच डेप्युटी गस्त घालतात. शहरानं तसा करार केलाय.

आता कायदे. गंमत अशी की दोन्ही राज्यांनी एकाच वर्षी, २०१७ मध्ये, आपापल्या शेरीफचे हात बांधले, फक्त उलट्या दिशांनी.

टेक्सासात ऑस्टिनच्या, म्हणजे ट्रॅव्हिस काउंटीच्या शेरीफनं ठरवलं की फेडरल इमिग्रेशन खात्यानं, आयसीईनं, 'या कैद्याला आमच्यासाठी थांबवून ठेवा' अशी विनंती पाठवली तरी ती सरसकट मानायची नाही. गव्हर्नर ॲबट यांनी आधी त्या काउंटीचं पंधरा लाख डॉलरचं अनुदान अडवलं आणि मे २०१७ मध्ये 'एसबी ४' (एसबी म्हणजे सिनेट बिल) या कायद्यावर सही केली. आयसीईच्या थांबवून ठेवण्याच्या विनंतीला डिटेनर म्हणतात. एरवी सुटला असता त्या वेळेपासून पुढे जास्तीत जास्त ४८ तास माणसाला धरून ठेवायचं, म्हणजे आयसीई येऊन घेऊन जाईल. 'एसबी ४' नं ही विनंती टेक्सासात बंधनकारक केली. धोरण म्हणून नाकारली तर पहिल्या वेळी १,००० ते १,५०० डॉलर दंड, पुढच्या प्रत्येक वेळी २५,००० ते २५,५००. पद जाऊ शकतं. शेरीफनं जाणूनबुजून डिटेनर डावलला तर तो फौजदारी गुन्हाच धरला आहे, म्हणजे तुरुंगाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यालाच आत जायची वेळ. २०१८ मध्ये फिफ्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टानं हा कायदा बव्हंशी उचलून धरला.

२०२५ मध्ये 'एसबी ८' आला. फेडरल कायद्यात १९९६ पासून '२८७ (जी)' नावाचं कलम आहे. त्याखाली स्थानिक अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देऊन इमिग्रेशनचं काही काम सोपवता येतं. एरवी हा करार करायचा की नाही हे शेरीफच्या मर्जीवर असे. आता तुरुंग चालवणाऱ्या प्रत्येक टेक्सास काउंटीच्या शेरीफला तो करावाच लागणार आहे. कायदा १ जानेवारी २०२६ पासून लागू आहे आणि मुदत १ डिसेंबर २०२६ ची. खर्चासाठी लोकसंख्येप्रमाणे ८० हजार ते १ लाख ४० हजार डॉलर अनुदान. टाळाटाळ केली तर राज्याचे ॲटर्नी जनरल शेरीफला कोर्टात खेचू शकतात.

कॅलिफोर्नियाचा कायदा 'एसबी ५४', ऑक्टोबर २०१७ मध्ये सही, १ जानेवारी २०१८ पासून लागू. इथे पोलीस किंवा शेरीफ तुमचं इमिग्रेशन स्टेटस (अमेरिकेत राहण्याचा कायदेशीर दर्जा) विचारू शकत नाहीत, डिटेनरपोटी कुणाला जास्त वेळ डांबू शकत नाहीत, आणि २८७ (जी) चा करारही करू शकत नाहीत. पण 'सँक्चुअरी स्टेट' (स्थलांतरितांना अभय देणारं राज्य) हा शब्द ऐकून जे चित्र डोळ्यांसमोर येतं, तेवढा हा कायदा सैल नाही. गंभीर गुन्ह्यांच्या लांबलचक यादीपैकी कशात दोषी ठरलेल्याला आयसीईच्या ताब्यात देण्याची मुभा आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याचा साधा गुन्हा त्या यादीत नाही, फेलनी, म्हणजे गंभीर दर्जाचा गुन्हा, ठरलेला आहे. शिवाय सुटकेची तारीख सगळ्यांनाच जाहीर केलेली असेल तर ती आयसीईला कळवायलाही आडकाठी नाही. ऑरेंज काउंटीच्या शेरीफ खात्यानं मार्च २०१८ मध्ये नेमकं हेच हेरलं आणि सगळ्याच कैद्यांच्या सुटकेच्या तारखा वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. म्हणजे राज्य एक असलं तरी काउंटी बघावी लागते. सांता क्लारा काउंटीचं धोरण राज्याच्या कायद्याहून कडक आहे.

आणि हा कायदा फक्त स्थानिक खात्यांना बांधतो. आयसीईला नाही. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये धाडी पडल्या तेव्हा 'एसबी ५४' जागच्या जागी होताच.

रस्त्यावर काय होतं

भाच्याचा खरा प्रश्न हा होता. टेक्सासात 'एसबी ४' मुळे पोलिसाला स्टेटस विचारण्याची मुभा आहे, सक्ती नाही, आणि तीही कायदेशीररीत्या थांबवलं किंवा अटक केली असेल तेव्हाच. आठ वर्षांत मला चारदा थांबवलं, एकदाही कुणी विचारलं नाही. पण एकट्याच्या अनुभवावर दुसऱ्याला निर्धास्त करू नये.

त्याहून महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. टेक्सासात वेगमर्यादा, गाडी चालवताना मेसेज करणं वगैरे मोजके अपवाद सोडले तर फक्त दंडाच्या गुन्ह्यातही पोलीस अटक करू शकतो. ऑस्टिनजवळच्या लागो व्हिस्टात १९९७ मध्ये एका आईला सीटबेल्ट न लावल्याबद्दल बेड्या घालून नेलं, लहान मुलं गाडीत असताना. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा ५० डॉलर दंड. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टानं पोलिसाची बाजू घेतली. २०१५ मध्ये लेन बदलताना इंडिकेटर न दिल्यावरून थांबवलेल्या सँड्रा ब्लँडचा तीन दिवसांनी वॉलर काउंटीच्या तुरुंगात मृत्यू झाला. तिच्या नावाचा कायदा २०१७ मध्ये आला, पण अशा किरकोळ गुन्ह्यांत अटकच नको हे कलम मंजुरीआधी गळालं.

कॅलिफोर्नियात साध्या वाहतूक गुन्ह्यात चिठ्ठीवर सही घेऊन सोडणं हाच नियम आहे. ओळख पटली नाही किंवा सही नाकारली तर गोष्ट वेगळी. २०२४ पासून तिथे पोलिसानं प्रश्न विचारायच्या आधी 'तुम्हाला का थांबवलं' हे सांगायचं असतं. "डू यू नो व्हाय आय स्टॉप्ड यू?" या प्रश्नावर आपण जे भाबडेपणानं कबूल करून बसतो, ते त्यामुळे जरा वाचतं.

लायसन्सचंही सांगतो. दोन्ही राज्यांत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्याच्या लायसन्सवर तारीख येते ती स्टेटसच्या कागदाची. व्हिसा स्टेटसच्या एक्स्टेन्शनचा अर्ज वेळेत भरला असेल तर नोकरी २४० दिवस चालू ठेवता येते, पण लायसन्सची तारीख ते जाणत नाही. ती उलटून गेलेली असताना थांबवलं गेलं, तर वरचा अटकेचा फरक एकदम तुमच्या दारात येतो.

बोटांचे ठसे

इथे दोन्ही राज्यं सारखी आहेत, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. अटक करून तुरुंगात नोंद झाली की ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून होमलँड सिक्युरिटीकडे, आपोआप. हे सॅक्रामेंटोतल्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या, विधिमंडळाला थांबवता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं, मग अटक टेक्सासातल्या फ्रिस्कोत झालेली असो की कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटमध्ये. भारतात लग्नाला जाऊन परत येताना ते अंगावर येतं.

फरक पडतो तो त्यानंतर, सुटकेच्या खिडकीपाशी. कॅलिफोर्नियात जामीन झाला की साधारणपणे माणूस घरी जातो. टेक्सासात डिटेनर आलेला असेल तर जामीन भरूनही दोन दिवस आतच, आणि मग आयसीईची गाडी. कॅलिफोर्नियात आयसीईला तुरुंगात येऊन कैद्याशी बोलायचं असेल तर आधी त्याची लेखी संमती लागते, नकार देण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क फॉर्मवरच छापलेला. कायद्यात तो फॉर्म ज्या सहा भाषांची नावं घेऊन मागितलाय त्यांत इंग्रजी, स्पॅनिश, चिनी, टगालोग, व्हिएतनामी आणि कोरियन आहेत. हिंदी नाही, मराठी तर नाहीच.

ज्याचं स्टेटस चोख आहे त्याच्यावर सहसा डिटेनर येतच नाही. म्हणून एच-१बी चालू, कागद गाडीत, अशा माणसाला दोन्हीकडे रोजचं जगणं सारखंच.

घरातली तक्रार

हा मुद्दा भाच्यानं विचारला नाही, मीच काढला. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आलेल्या बायका नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार करत नाहीत, कारण पोलीस आले की व्हिसा जाईल अशी धमकी घरातच मिळालेली असते. टेक्सासच्या 'एसबी ४' मध्येही गुन्ह्याला बळी पडलेल्याला किंवा साक्षीदाराला, तपासाला गरज असल्याशिवाय, स्टेटस विचारायचं नाही असं स्पष्ट कलम आहे. हे तिथल्या आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. कॅलिफोर्निया एक पाऊल पुढे आहे. बळी पडलेल्यांसाठी यू व्हिसा असतो, त्याच्या अर्जाला पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं, आणि तपासात मदत केलेल्या व्यक्तीला ते ठरावीक मुदतीत देणं कॅलिफोर्नियात खात्यांवर बंधनकारक आहे. टेक्सासात ते देणाऱ्याच्या मनावर. ज्या घरात हे चालू आहे, तिथे मी निःशंकपणे कॅलिफोर्निया सांगेन.

शेरीफला जाब कोण विचारणार

टेक्सासात तुरुंगांवर राज्याचा आयोग आहे, आणि सँड्रा ब्लँड कायद्यामुळे कोठडीतल्या मृत्यूचा तपास बाहेरच्या खात्याकडे जातो. कॅलिफोर्नियात २०२१ पासून काउंटीला शेरीफवर देखरेख मंडळ नेमता येतं, समन्स काढण्याच्या अधिकारासह. सॅन माटेओ काउंटीत तर मार्च २०२५ मध्ये मतदारांनी खास मतदान घेऊन पर्यवेक्षक मंडळाला (काउंटीचं निवडून आलेलं मंडळ) शेरीफला काढण्याचा अधिकार दिला आणि ऑक्टोबरात मंडळानं तो वापरला. पैशाच्या बाबतीत टेक्सास उलट टोकाला आहे. दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या काउंटीला, आणि कॉलिन आता त्यात मोडते, पोलिसी बजेट कमी करायचं तर आधी मतदारांना विचारावं लागतं. कॅलिफोर्नियानं शेरीफची निवडणूक अध्यक्षपदाच्या वर्षात नेली, त्यामुळे २०२२ ला निवडून आलेल्यांना सहा वर्षं मिळाली. म्हणजे २०२८ मध्ये दोन्ही राज्यांत एकाच दिवशी शेरीफ बदलू शकतात. मत अर्थात सिटिझनलाच.

न्यू जर्सीचं विचारणारे असतातच. तिथे शेरीफकडे मुख्यतः कोर्टाची सुरक्षा, एडिसनसारख्या ठिकाणी रोजचा संबंध टाउनशिपच्या पोलिसांशी. स्थानिक पोलिसांना आयसीईपासून लांब ठेवणारा नियम २०१८ चा, पण तो ॲटर्नी जनरलच्या आदेशातून आला. आदेश पुढचा ॲटर्नी जनरल फिरवू शकतो, कायद्याला विधिमंडळ लागतं. इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

भाच्याला मी म्हटलं, तुम्हा दोघांचे कागद सरळ आहेत, शेरीफचा मुद्दा एक्सेलमधून काढून टाक. प्लेनोत घर घेता येईल, सॅन होजेत गॅरेजही परवडणार नाही. फक्त टेक्सासात लायसन्सच्या तारखेच्या तीन महिने आधी कॅलेंडरवर खूण कर.

पलीकडे थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाला, "मामा, प्रश्न माझा नव्हता. मेहुणी आमच्याकडेच आहे. मास्टर्स अर्ध्यात सोडलं तिनं, मार्चमध्ये. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, संपलाय. गाडी चालवते रोज."

मग मात्र मी सगळं उलट सांगितलं. तिच्यासाठी लागो व्हिस्टा, डिटेनर, ४८ तास, यातला प्रत्येक शब्द खरा आहे. सॅन होजेत ते पुसलं जात नाही, तिचे ठसे तिथूनही जातील, पण थांबवलं गेल्यापासून तुरुंगाच्या दारापर्यंत तिला दोन-तीन पायऱ्या जास्त मिळतात. आणि कुठल्याही राज्यात जायच्या आधी तिनं इमिग्रेशन वकिलाकडे बसायला हवं, स्टेटस परत मिळवायचा रस्ता उरलाय का ते बघायला. तोवर गाडीची किल्ली तुझ्याकडे ठेव, म्हटलं.

सॅन होजेवाल्यांना सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. वकिलाची वेळ शुक्रवारची मिळाली आहे.