सोलापुरात एअर प्युरिफायर घ्यायचाय? हेपा, कार्बन, आयोनायझर की यूव्ही

पूर्व भागात किंवा एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. रस्त्याची माती असतेच, शेजारी माग असतील तर सुताचे बारीक तंतू पण. सोलापूर केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे ते उगाच नाही. तर प्युरिफायर घ्या, पण आत काय आहे ते बघून घ्या, दुकानात सगळ्यालाच प्युरिफायर म्हणतात.

धुळीसाठी माझं मत स्पष्ट आहे, हेपा. पंखा हवा ओढतो, दाट घडीच्या फिल्टरमधून सोडतो, कण तिथंच अडकतात, बास. ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा कण पकडायला सगळ्यात अवघड, त्याहून बारीक कण उलट भरकटत जाऊन तंतूंना चिकटतात, आणि एच१३ दर्जाचा फिल्टर त्या अवघड साइजचे पण ९९.९५ टक्के अडवतो. 'हेपा टाइप' असं लिहिलेलं असेल तर मात्र ठेवून द्या, तो हेपा नव्हे. आणि मागाजवळ घर असेल तर पुढची प्री-फिल्टरची जाळी दर आठवड्याला साफ करायलाच लागते, नाहीतर तंतूंचा थर बसतो, हवा जाईना होते आणि आतला महागडा फिल्टर लवकर बाद होतो.

वास, धूर, रंगाचा वास यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, हेपा वायू अडवत नाही. पण बऱ्याच मशीनमध्ये कार्बनची पातळ चकती असते, ती लगेच भरते. फोडणीच्या खाटासाठी तर प्युरिफायरपेक्षा किचनचा एक्झॉस्ट कधीही भारी.

आयोनायझरवर मी पैसे घालणार नाही. फिल्टर बदलायचा खर्च नाही म्हणून विकतात, पण तो कणांना विद्युतभार देतो, कण भिंतीला-पडद्याला चिकटतात, म्हणजे धूळ खोलीतच राहिली, पडदा झटकला की परत हवेत. वर थोडा ओझोन पण निघू शकतो आणि दमेकऱ्यांना तो चांगलाच त्रासदायक. कॅलिफोर्नियात ०.०५ पीपीएमपेक्षा जास्त ओझोन सोडणारं घरगुती मशीन विकायला बंदी आहे, आणि आपल्याकडं 'ताजी हवा' म्हणून मुद्दाम ओझोन सोडणारी मशीन विकतात, ती तर घरात आणूच नका. हेपा मशीनमध्येच आयोनायझर असेल तर तो बंद करता येतो का विचारा.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा जंतू मारतो, पण त्याला वेळ लागतो आणि छोट्या मशीनमधून हवा क्षणात निघून जाते. धुळीवर त्याचा काहीच उपयोग नाही.

आता साइज. १० बाय १२ ची खोली, छत १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा, ती तासाला पाच वेळा फिरायला सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, १७० घनमीटर तरी पाहिजे. बॉक्सवरचा आकडा फुल स्पीडचा असतो, रात्री आवाज नको म्हणून स्लो केला की निम्म्याखाली पण जातो, म्हणून एक साइज मोठाच घ्या.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच, मार्च ते मे कूलर. कूलर बाहेरची हवा आत ओततो, खिडकी उघडी ठेवावीच लागते, मग त्या खोलीत प्युरिफायर लावून काय फरक पडणार? कूलरची जाळी जाड धूळ थोडी अडवते, पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण नाही. म्हणून मशीनचा खरा उपयोग थंडीत, दिवाळीपासून पुढं, दारं-खिडक्या लावून. त्या खोलीत डासांची कॉइल मात्र नको, एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ निघतात असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. मच्छरदाणी लावा ओ, सगळ्यात स्वस्त उपाय आहे तो.

अजून एक, अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर म्हणजे प्युरिफायर नव्हे. बोअरचं जड पाणी त्यात घातलं की क्षार बारीक पांढरी पूड होऊन हवेत जातात, मशीनवरचं धुळीचं रीडिंग उलट वाढतं.

बजेट काढताना मशीनच्या किमतीत दोन वर्षांचे फिल्टर धरा, आणि तो फिल्टर इथं नवी पेठेत मिळतो की दरवेळी ऑनलाइन मागवायचा हे बिल करायच्या आधी दुकानदाराला विचारा.