जेट बदलायचा की ब्लॉक उघडायचा? टू-स्ट्रोक डर्ट बाइकचं दुखणं ओळखताना

गाडी पिकअप घेत नाही. एक मेकॅनिक म्हणतो, "कार्ब (कार्बुरेटर) सेट करून देतो, तासाभराचं काम." दुसरा दोन किका मारतो आणि म्हणतो, "रिंग-पिस्टन गेलं, ब्लॉक (सिलेंडर) बोअर करायला टाकावा लागेल." दोघेही मनापासून बोलत असतात. टू-स्ट्रोकमध्ये झीज आणि मिक्श्चर यांची लक्षणं एकमेकांत इतकी मिसळतात, की नुसत्या कानाने निवाडा करणं कठीण. खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. एकीकडे दोन जेट, म्हणजे कार्बमधून पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, आणि एक रविवार. दुसरीकडे पिस्टन किट, लेथवाला, गॅस्केट आणि पुन्हा रनिंग-इन.

मी नवी मुंबईतल्या ऐरोलीत राहतो आणि यामाहा आरएक्स 135 वर उभारलेली डर्ट बाइक चालवतो. या निर्णयात मी एकदा पुरता चुकलो आहे. गाडी गरम झाली की दम सोडायची, प्लग पांढरा यायचा. बोअर मारून 0.50 मिमी मोठा पिस्टन घातला. तीन आठवड्यांत इंजिन पुन्हा पकडलं, म्हणजे पिस्टन आत जाम झाला. पिस्टन बिचारा निर्दोष होता. हवा मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज करणाऱ्या चाकाच्या) बाजूच्या ऑइल सीलमधून आत येत होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. म्हणून पुढची तुलना दोघांची न करता तिघांची करतो आहे: कार्ब, झीज आणि हवेची गळती.

'मिक्श्चर' म्हणजे नक्की कोणतं?

हा घोळ आधी मिटवायला हवा, कारण यावरून चुकीची औषधं दिली जातात. आपण एकाच शब्दात दोन गोष्टी बोलतो. एक, पेट्रोलमध्ये तेल किती. दुसरं, हवेत पेट्रोल किती. पहिलं प्रमाण 32:1 असेल तर लिटरला साधारण 31 मिली तेल, 40:1 ला 25 मिली, 50:1 ला 20 मिली. रिच आणि लीन हे शब्द दुसऱ्या प्रमाणाचे: रिच म्हणजे हवेत पेट्रोल जास्त, लीन म्हणजे कमी.

"गाडी लीन वाटते, जरा तेल वाढव" हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो उलटा आहे. जेटमधून जाणाऱ्या द्रवात तेल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी होतं, म्हणजे हवेच्या हिशेबात गाडी आणखी लीन होते. तेलाचं प्रमाण एकदा ठरवा आणि मोजपात्रानेच मोजा. तपासणी चालू असताना ते अजिबात बदलू नका. ऑटोल्यूब पंप (तेल आपोआप सोडणारा) ठेवला असेल, तर तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा नाही ना, हे आधी बघा.

कार्बचा दोष थ्रॉटलच्या जागेला बांधलेला असतो

सगळ्यात उपयोगी फरक हाच आहे. ग्रिपवर पांढऱ्या टेपची एक पट्टी लावा, हाउसिंगवर बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. आता दुखणं कुठे आहे ते बघा. साधारण एक-अष्टमांश थ्रॉटलपर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य, तिथून पावच्या पुढेपर्यंत स्लाइडच्या (थ्रॉटलसोबत वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) कापाचं, पाव ते पाऊण त्या स्लाइडला लटकलेल्या निडलचं, म्हणजे सुईचं, आणि पाऊणनंतर मेन जेटचं. सीमा एकमेकांवर चढलेल्या असतात, पण अंदाजाला पुरेशा. अर्ध्या थ्रॉटलवरच गाडी अडखळते आणि वर-खाली ठीक चालते, तर ब्लॉक उघडायचं काही कारण नाही. निडलची क्लिप एक खाच हलवून बघा: क्लिप खाली घेतली की निडल वर येते आणि मिक्श्चर रिच होतं, क्लिप वर, तर लीन.

झिजलेलं इंजिन असं जागा निवडून त्रास देत नाही. ते सगळीकडेच थोडं थोडं कमी देतं.

रिच गाडीचा आवाज ओळखायला सोपा आहे. ती भरडल्यासारखी, एक सोडून एक फायर झाल्यासारखी फुटते. सायलेन्सरच्या तोंडातून काळा चिकट द्रव ठिबकतो, प्लग वारंवार मरतो. गरम झाल्यावर ती जास्त बिघडते आणि चोक ओढला तर गुदमरते. लीन गाडी फसवी, कारण मरण्याआधी ती छान पळते. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच न पडता रेंगाळत खाली येतं. झटक्यात थ्रॉटल उघडला की क्षणभर काहीच होत नाही. चढावर लोडमध्ये टणटण ऐकू येते. चोक किंचित ओढल्यावर ताकद वाढली, तर लीन असल्याची खात्री धरा.

आयडलसाठी एअर स्क्रू. तो आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन. पूर्ण बंद करून एक ते दोन फेऱ्या उघडल्यावर सर्वांत चांगलं आयडल मिळालं, तर पायलट जेट बरोबर आहे. अडीच फेऱ्या उघडाव्या लागत असतील, तर पायलट लहान घ्या. एक फेरीच्या आतच जमत असेल, तर मोठा.

मेन जेटसाठी प्लग चॉप: नवा प्लग, वरच्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, मग क्लच दाबून त्याच क्षणी किल स्विच. चिनीमातीच्या पार तळाशी रंगाचं कडं बघायचं. फिकट कॉफीसारखं चांगलं, कोरं पांढरं म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, आणि ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले तर गाडी तिथेच थांबवायची. हल्लीच्या पेट्रोलवर रंग फिका उमटतो, तेव्हा एका प्लगवर फैसला करू नका. हे काम पाम बीच रोडवर करायचं नाही, आणि येऊरला तर मुळीच नाही; तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. पनवेलच्या पुढे ओळखीच्या कुणाची खासगी जागा मिळाली तरच करा.

झीज बघायला इंजिन उघडावं लागत नाही

पहिली तपासणी फुकट आहे. पाईप काढा, एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा आणि किक हाताने दाबत पिस्टन हळूहळू खाली-वर करा. पिस्टनच्या अंगावर उभ्या रेघा दिसतात का? रिंगच्या खाली तपकिरी-काळा डाग उतरला आहे का? रेघा म्हणजे घासणं, डाग म्हणजे रिंगमधून आग खाली येते आहे. रिंग स्वच्छ आणि चमकदार दिसल्या, तर बोअरबद्दलच्या बोलण्याला इथेच खीळ घालता येते.

मग कॉम्प्रेशन गेज. गाडी थोडी गरम करा, प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारा. थ्रॉटल बंद ठेवला तर चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं; अशा खोट्या आकड्यावर बोअर मारलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. "अमुक पाउंड म्हणजे चांगलं" हे सगळ्या गाड्यांना लागू नसतं, गेजागणिकही आकडा बदलतो. तुमच्याच गाडीचा, त्याच गेजवरचा जुना आकडा हाच खरा संदर्भ. माझ्या हिशेबाने त्यापेक्षा 15–20 टक्के खाली आला, की रिंगची वेळ आली.

पण आकडा चांगला आला म्हणून पिस्टन सुटला असं नाही. हेडवर कार्बन साठला असेल किंवा बोअरमध्ये तेल जास्त असेल, तरी आकडा फुगतो. थंड इंजिनात खडखड आणि गरम झाल्यावर ती कमी, हे ढिल्या पिस्टनचं लक्षण. गरम झाल्यावर आवाज वाढत असेल, तर कान खाली क्रँककडे न्या. ब्लॉक निघालाच असेल, तर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलणं ठीक, वर-खाली अजिबात चालणार नाही.

काढलेला पिस्टन बरंच बोलतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला घासला असेल, तर बहुधा लीन किंवा अति गरम. चार कोपऱ्यांत घासला असेल, तर थंड इंजिन लगेच पिळल्याचा परिणाम. इनटेकच्या बाजूला खाली राखाडी, बारीक खरवडल्यासारखा भाग असेल, तर धूळ आत जाते आहे. हे तिसरं आपल्याकडे फार दिसतं. पारसिक डोंगराच्या बाजूची खाणींची भुकटी, उलव्याकडची बांधकामाची माती, आणि त्यात फोम फिल्टर कोरडाच बसवलेला! फोमला फिल्टर ऑइल लावलं नाही, तर तो बारीक धूळ अडवत नाही.

तिसरा संशयित: सील

टू-स्ट्रोकचं मिक्श्चर क्रँककेसमधून वर जातं, म्हणून क्रँकची दोन्ही सील हा कार्बचाच विस्तार समजा. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं, तर बाहेरची हवा आत येते आणि गाडी लीन होते: आयडल वर-खाली, आरपीएम रेंगाळणं, पांढरा प्लग. लक्षणं हुबेहूब छोट्या जेटची. फरक एकच, आज जमलेलं सेटिंग उद्या जमत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं, तर गिअर ऑइल ओढलं जातं: दाट पांढरा धूर, ओला प्लग, पेट्रोल-तेलाहून वेगळा जळका वास. हे रिचसारखं दिसतं. इथे मात्र गिअर ऑइलची पातळी कमी होते, आणि रिच गाडीत ती कमी होत नाही.

याचा निकाल प्रेशर टेस्ट लावते. मी ब्लड प्रेशर बघायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल वापरतो. एक्झॉस्ट रबर आणि पट्टीने बंद करायचा, प्लग घट्ट, आणि कार्ब काढून त्याच्या जागेतून हवा भरायची, म्हणजे इनटेक रबरही तपासलं जातं. डायलवर 300 मिमी म्हणजे साधारण 5.8 पीएसआय, एवढंच पुरे. जास्त भरलं तर चांगलं सील बाहेर ढकललं जाईल. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त, म्हणजे डायलवर सुमारे 50 मिमी पडत असेल, तर गळती शोधा. साबणाचं पाणी बेस गॅस्केट, हेड, इनटेक रबर आणि मॅग्नेटच्या मागे लावा. क्लच सीलसाठी गिअर ऑइलचं झाकण उघडून कान लावा, हवेची फुसफुस येते. रीड व्हॉल्व्ह, म्हणजे कार्ब आणि इंजिनच्या मधली पातळ पाकळ्यांची झडप, या परीक्षेत सापडत नाही. तो काढून उजेडासमोर धरा. पाकळीचं टोक तुटलं किंवा फट दिसली, तर जड स्टार्टिंगचं आणि खालच्या पिकअपचं उत्तर तिथेच आहे.

गाडी कुठून आली, पेट्रोल कोणतं

पुण्याहून किंवा नाशिकहून सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे. तिथली हवा आपल्यापेक्षा 5–6 टक्के विरळ. तिथे नीट जेट केलेली गाडी ठाण्याच्या खाडीकाठी आली, की लीन होते. त्यावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला 1 किलोमागे 14.7 किलो हवा लागते, या पेट्रोलला सुमारे 13.5. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आणखी लीन. पावसाळ्यातल्या दमट, उष्ण हवेत हे झाकलं जातं, कारण अशा हवेत प्राणवायू कमी असतो. डिसेंबरच्या पहाटे हवा घट्ट होते आणि इंजिन पकडतं. तेव्हा जूनमध्ये घेतलेल्या गाडीचं मेन जेट हिवाळ्याआधी एक नंबर मोठं करून बघणं मला शहाणपणाचं वाटतं. हवा थंड असताना जरा रिच चाललेलं बरं. त्याची किंमत एक प्लग. लीनची किंमत ब्लॉक.

मग कशाला आधी हात घालायचा?

दोष थ्रॉटलच्या एकाच भागात असेल, कॉम्प्रेशन जुन्या आकड्याजवळ असेल आणि पोर्टमधून पिस्टन स्वच्छ दिसत असेल, तर कार्ब. पण जेट बदलण्याआधी कार्ब पूर्ण धुवा, फ्लोटची पातळी बघा, आणि पाईप-सायलेन्सरमधला कार्बन काढा. तुंबलेला सायलेन्सर वरची ताकद खातो आणि दोष मेन जेटवर जातो. सेटिंग रोज बदलत असेल किंवा जेट दोन-तीन नंबर वाढवूनही प्लग पांढराच येत असेल, तर पुढचा जेट विकत घेऊ नका, प्रेशर टेस्ट करा. मोठ्या जेटने गळती झाकणं हा सर्वांत महागडा उपाय, कारण गळती वाढत राहते आणि जेट तिथेच राहतो.

कॉम्प्रेशन पडलं आणि रेघाही दिसल्या, तर ब्लॉक उघडायचाच. इथे गाडीची जात बघा. आरएक्सचा बोअर बिडाच्या स्लीव्हचा, 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमी मोठे पिस्टन मिळतात, चांगला लेथवाला ते काम नीट करतो. आयात केलेल्या मोटोक्रॉस गाड्यांचे ब्लॉक बहुधा निकासिल लेपाचे (आतून पातळ, कठीण मुलामा दिलेले) असतात. ते साधं बोअर मारून वाढवायचे नसतात. लेप शाबूत असेल तर त्याच मापाचा पिस्टन, उडाला असेल तर पुन्हा लेप. लेथवर चढवण्याआधी हे विचारलंच पाहिजे. रिंग नवी असली, तरी बोअरमध्ये बसवून तोंडाची फट फीलर गेजने मोजा. 50 मिमी बोअरला 0.15 ते 0.35 मिमीच्या आत हवी.

आणि ब्लॉक उघडलाच आहे, तर दोन्ही क्रँक सील त्याच वेळी बदला. सगळं बसलं की पुन्हा 300 मिमी हवा भरा, डायल स्थिर आहे ते बघा, मगच पहिली किक मारा. रनिंग-इन संपल्यावरचा कॉम्प्रेशनचा आकडा, मेन जेटचा नंबर, क्लिपची खाच आणि तारीख एअरबॉक्सच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पिकअप गेला, की पहिलं ते झाकण उघडायचं.