इन-एन-आऊटचा चीजबर्गर आणि फ्राईज: बरेच महिने खाल्ल्यावर

सॅन होझेला राहायला आल्यापासून शुक्रवारी रात्री आमच्या घरी चूल पेटत नाही. ऑफिस सुटलं की आम्ही इन-एन-आऊट या बर्गरच्या साखळीचं जवळचं दुकान गाठतो. इतके महिने झाले तरी कंटाळा आलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. नव्याने कॅलिफोर्नियात आलेल्या आपल्या माणसांना उपयोग होईल.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. इथली पॅटी, म्हणजे बर्गरमधली चपटी टिक्की, गोमांसाची असते आणि दुसरी कुठलीही नसते. चिकन नाही, मासा नाही, बटाट्याची टिक्कीही नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आमच्याकडे बीफ खाल्लं जातं, त्यामुळे मला अडचण आली नाही. पण ऑफिसातल्या मराठी मंडळींना सोबत न्यायचं असेल तर हे आधीच सांगून ठेवावं. काउंटरवर जाऊन कुणाची पंचाईत होऊ नये.

मेन्यू एका नजरेत संपतो: हॅम्बर्गर, चीजबर्गर, दोन पॅटी आणि दोन चीजचा डबल-डबल, फ्राईज, शेक, थंड पेयं. हॅरी आणि एस्थर स्नायडर या जोडप्याने १९४८ साली लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्कमध्ये पहिलं दुकान काढलं. गाडीतून न उतरता स्पीकरवर ऑर्डर द्यायची सोय त्यांनी तेव्हाच केली होती. कंपनी आजही त्याच घराण्याकडे आहे आणि त्यांनी फ्रँचायझी कुणालाही दिलेली नाही. माझ्या मते चव टिकण्याचं खरं कारण तेच आहे. मी सॅन होझेत खाल्लं, सॅक्रामेंटोला जाताना खाल्लं, लॉस एंजेलिसला खाल्लं. डोळे मिटून खाल्लं असतं तर गाव ओळखता आलं नसतं.

आता चीजबर्गर. मांस गोठवलेलं नसतं आणि ऑर्डर दिल्यावरच पॅटी तव्यावर पडते, त्यामुळे थोडं थांबावं लागतं. बन आतल्या बाजूने चांगला खरपूस भाजलेला असतो, म्हणून रस सुटला तरी तो लगेच भिजून फाटत नाही. खाली स्प्रेड म्हणजे गुलाबीसर गोडसर सॉस, त्यावर टोमॅटोची जाड चकती, आईसबर्ग लेट्यूसचं कुरकुरीत पान, मग पॅटी आणि तिच्यावर वितळलेलं पिवळं अमेरिकन चीज. नुसतं खाल्लं तर या चीजला फारशी चव नाही, पण गरम पॅटीवर ते तेल न सोडता एकसारखं पसरतं आणि मांसाला धरून राहतं. चेडर जातीचं चीज इतक्या सहज असं वितळत नाही. आमच्या घराजवळच्या एका महागड्या ठिकाणी बर्गरवर भारीतलं चीज घालतात. पहिल्या घासालाच ते तुपकट होऊन बाजूने ओघळतं.

कांदा हवा का, हे काउंटरवर विचारतातच. परतलेला मागा. बोर्डावर नसलेली ‘ॲनिमल स्टाईल’ मागितली तर पॅटी मोहरीचा सॉस लावून भाजतात आणि परतलेला कांदा, लोणच्याची काकडी, जास्तीचं स्प्रेड घालतात. चव दणदणीत लागते, पण मला त्यात मांस हरवल्यासारखं वाटतं. माझी नेहमीची ऑर्डर म्हणजे साधा चीजबर्गर, परतलेला कांदा आणि वर चिरलेल्या पिवळ्या मिरच्या. मिरच्यांचे पैसे पडत नाहीत. त्या आंबट-तिखट असतात आणि स्प्रेडचा गोडवा बरोबर तोडतात.

फ्राईजवरून इथल्या लोकांत कायम वाद असतो. बहुतेक ठिकाणी कारखान्यात एकदा तळून गोठवलेले फ्राईज येतात आणि दुकानात दुसऱ्यांदा तळले जातात, म्हणून ते बराच वेळ कडक राहतात. इथे अख्खा बटाटा तुमच्या डोळ्यांसमोर यंत्रात दाबून चिरतात आणि सूर्यफुलाच्या तेलात एकदाच तळतात. त्यामुळे आत बटाट्याची खरी चव लागते, मात्र भज्यांसारखं कढईतून निघाल्याबरोबर खायला हवं. यावर उपाय सोपा आहे: ऑर्डर देताना ‘वेल डन’ म्हणायचं. जास्त वेळ तळतात, कडा तांबूस होतात आणि शेवटच्या काडीपर्यंत कुरकुरीतपणा टिकतो. आमच्या घरी आता दुसऱ्या प्रकारे मागवतच नाहीत. चीज, स्प्रेड, कांदा घातलेले ॲनिमल स्टाईल फ्राईज काट्याने खावे लागतात. चार जणांत एक पुरे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. तेव्हा ‘ग्रिल्ड चीज’ मागवतो: पॅटीशिवाय, दोन चीजचं. शाकाहारी मित्रांनाही तेच सुचवते, पण स्प्रेडमध्ये अंड्याचा बलक असतो हे लक्षात ठेवा. अंडं चालत नसेल तर स्प्रेडशिवाय मागा. कांदा कच्चाच घ्या, कारण परतलेला कांदा मांसाच्या तव्यावरचा असू शकतो. शंका असेल तर निःसंकोच विचारा. काउंटरवरची मुलं मनापासून उत्तर देतात.

आमच्या आईला इथे आल्यावर सर्वांत जास्त आवडलं ते वेगळंच. पेयाच्या ग्लासाच्या तळाशी बारीक अक्षरात बायबलमधल्या योहान ३:१६ या वचनाचा संदर्भ छापलेला असतो, बर्गरच्या कागदावर प्रकटीकरण ३:२०. पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिने ग्लास धुऊन घरी नेला.

शुक्रवारी सात ते नऊ गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते. त्या वेळी गाडी लावून आत गेलेलं बरं. रात्री एकपर्यंत, शुक्रवार-शनिवारी दीडपर्यंत उघडं असतं, त्यामुळे दहानंतर गेलात तर निवांत जागा मिळते. घरी न्यायचंच असेल तर बर्गर न्या, फ्राईज तिथेच टेबलावर संपवा.